काठावरचे बूट

नीउ-व्हेनेप
२४ ऑगस्ट २०२५

ताई,

या कागदाचा फोटो भाऊजींच्या फोनवर पाठवतेय. ते झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून तुझ्या उशाशी ठेवतील म्हणालेत. तू मला ब्लॉक केलंस, प्रतापला केलंस, आमच्या बारा वर्षांच्या प्रांजलीलासुद्धा केलंस. बरं. कागद काही ब्लॉक होत नाही. फाडता येतो, पण तू फाडायच्या आधी वाचतेस. माझी डायरीसुद्धा आधी पूर्ण वाचूनच फाडली होतीस.

मुद्द्याचं आधी सांगते. मला निहारचा एक शर्ट हवाय. अंगावर घातलेला, न धुतलेला. तुझ्या कपाटात असणार, मी ओळखून आहे तुला. कुरिअरने आठ दिवसांत इथे येतो. आणि २१ सप्टेंबरच्या अमावास्येच्या आत तू त्याला नावाने हाक मारायचीस. फोनवरून मारलीस तरी चालेल, मी पाण्याजवळ फोन धरीन.

वेडी झाली म्हणशील. आधी ऐकून घे.

आमच्या शेजारी लिनबाई राहतात. तू इथे आली होतीस तेव्हा कोबीच्या उकडलेल्या करंज्या घेऊन आल्या होत्या बघ, त्या. चीनच्या वेंजौकडच्या आहेत, या गावात चाळीस वर्षं त्यांचं हॉटेल होतं. आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांचं डच मोडकं, माझंही मोडकं, म्हणून आमचं जमतं. काल संध्याकाळी बघते तर बाई फुटपाथच्या कडेला भात, संत्री, उदबत्त्या मांडून बसलेल्या, आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात कागद जाळतायत. समोरचा माणूस गेमेंटेला, म्हणजे नगरपालिकेला, फोन करीन म्हणून तणतणून गेला, यांना ढिम्म काही नाही. मी विचारलं, हे काय? तर म्हणाल्या, 'खास्ट' आलेत.

आता डचमध्ये खास्ट म्हणजे पाहुणा आणि खेस्ट म्हणजे भूत. मला वाटलं बाईंचा उच्चार चुकला. मी आपली आगाऊपणे, चांगली मोठ्याने सुधारायला गेले, "खेस्ट, लिनबाई, खेस्ट!" त्यांनी उठून माझ्या तोंडावर हात ठेवला. या महिन्यात त्यांचं नाव घ्यायचं नसतं म्हणे, पाहुणेच म्हणायचं. आपण तिन्हीसांजेला सापाला लांबडं म्हणतो, बांगडी फुटली की वाढवली म्हणतो, तसं. मला कळायला हवं होतं.

त्यांचा सातवा महिना कालपासून लागला. पाताळाचं दार उघडतं आणि ज्यांना कुणी जेवू घालत नाही ते उपाशी जीव वर येतात. अमावास्येला दार बंद. आपला पितृपक्षही यंदा त्याच अमावास्येला संपतोय, मी कॅलेंडर काढून बघितलं.

मी विचारलं, पाण्यात बुडून गेलेला येतो का? त्यांनी डब्यात आणखी एक कागद टाकला. मग म्हणाल्या, नाही. त्याला दारच नसतं. जिथे बुडाला तिथेच तो बसून राहतो, थंडीत, दुसरा कुणी त्याच जागी बुडेपर्यंत. तो दुसरा आला की पहिला सुटतो. आपल्याकडे आसरा ओढतात म्हणतात, पण त्या देवता. हा आपल्यातलाच माणूस, अडकलेला. बदली माणसासाठी लिनबाईंनी डच शब्द वापरला, इनफालर. प्रांजलीच्या शाळेत बाई आजारी पडल्या की बदलीवर कुणी येतं त्याला म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ, आत पडणारा.

ताई, मे महिन्यात एक म्हातारा, निहार गेला त्याच वळणावर, विजेच्या खुर्चीगाडीसकट कालव्यात गेला होता. लोकांनी वेळेत काढला. मी तुला कळवणार कसं? लिनबाई म्हणाल्या, त्याने प्रयत्न केला, जमलं नाही. मी चिडले. म्हटलं, आमचा निहार घरात झुरळ निघालं तर कागदावर घेऊन बाहेर सोडायचा, तो कशाला म्हाताऱ्याला ओढील? त्या म्हणाल्या, चांगलाच असतो गं. पण तिथे फार थंड असतं.

त्यांचा भाऊ चौदाव्या वर्षी नदीत गेला होता. आईने त्याचा शर्ट हातात धरून सात संध्याकाळी काठावर उभं राहून हाका मारल्या. सातव्या दिवशी घराच्या उंबऱ्यापर्यंत ओली पावलं उमटली म्हणे. मग आईने हाका थांबवल्या. हाक आईचीच लागते, मावशीची चालत नाही, हे मी दोनदा विचारून घेतलं.

नाशिकला दहाव्याला कावळा शिवला नाही. तीन तास उन्हात बसून शेवटी दर्भाचा करावा लागला. तेव्हापासून तू झोपत नाहीस, भाऊजी सांगतात. माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी कर.

शामला


२ सप्टेंबर

ताई,

नऊ दिवस झाले. शर्ट नाही, उत्तर नाही. भाऊजी म्हणतात तू प्रिंट वाचलीस आणि घडी करून ठेवलीस. म्हणजे फाडली नाहीस.

प्रांजलीची मोठी शाळा कालपासून सुरू झाली. शाळा कालव्याच्या पलीकडच्या गावात, पूल एकच, आणि पुलाला लागायच्या आधी ते वळण येतं. इथे सगळी पोरं सायकलनेच जातात. मी सोडायला येते म्हटलं तर डचमध्ये म्हणाली, आई, माझी लाज काढू नकोस. मी मराठीत बोलते, ती डचमध्ये बोलते, आणि भांडण मात्र दोघींनाही नीट कळतं.

ही निहारच्या मागे किती होती तुला माहीत आहे. तो आमच्या माळ्यावरच्या खोलीत राहायला आल्यापासून अभ्यासही तिथेच, जेवणही तिथेच. घरात फक्त त्याच्याशी मराठी बोलायची. लिनबाई म्हणतात, पाण्यातला माणूस परक्याला ओढायला जातो तेव्हा जोर लावावा लागतो, माया असलेलं माणूस आपणहून जवळ जातं.

तू त्या दिवसाचं मला कधी नीट विचारलंच नाहीस, म्हणून सांगते. त्रिपुरी पौर्णिमा होती. दुपारी निहार व्यवस्थित जेवला. मुगाची खिचडी, कढी, वर पापड. पाचच्या सुमाराला म्हणाला, मावशी, पाण्यात दिवा सोडून येतो. मी म्हटलं, छान, नाशकात असतास तर आईने सोडायलाच लावला असता. पणती दिली, वात दिली. "येतो मावशी" म्हणाला, मी "ये" म्हटलं. तिथला उतार शेवाळलेला आहे. पाण्याला पाय लागणार म्हणून त्याने बूट काढून ठेवले, संस्कार तुझेच. आणि घसरला. पोलिसांनी तेच लिहिलं, अपघात.

त्याची नोकरी गेलेली मी तुझ्यापासून लपवली. त्याची माफी मी तेव्हाच मागितली. त्याने शपथ घातली होती. तो त्याच्या ऑफिसातला सौमित्र तुला भेटायला येऊन बोलून गेला नसता तर तुला कळलंही नसतं आणि आपण दोघी आज बोलत असतो.

शर्ट पाठव गं.

शामला


७ सप्टेंबर

ताई,

काल लिनबाईंच्या महिन्याची पौर्णिमा होती, मोठा दिवस. मला बरोबर घेऊन गेल्या. उजेड होता अजून. कागदाच्या छोट्या होड्यांमध्ये मेणबत्त्या लावून पाण्यात सोडल्या. बुडालेल्यांना वाट दिसावी म्हणून सोडतात. आपल्या त्रिपुरी पौर्णिमेसारखंच सगळं. एक होडी मात्र वळणापाशी जाऊन गोल गोल फिरत राहिली. वारा पडला होता.

मी म्हटलं, आई हाक मारत नाही तर मी मारते. मी त्याला मांडीवर घेतलंय, न्हाऊ घातलंय. तर लिनबाईंनी मला प्रश्न विचारला, घरातून निघताना त्याच्याशी शेवटचं कोण बोललं? मी म्हटलं, मीच. काय बोललीस? मी म्हटलं, आमच्यात जाणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि घरचं माणूस 'ये' म्हणतं. तो येतो म्हणाला.

आणि तू?

लिनबाईंचे डोळे बारीक आहेत, पण नजर फार वाईट. मला खोटं बोलता आलं नाही. ताई, मी 'ये' म्हटलं नव्हतं. मागच्या पत्रात म्हटलं असं लिहिलं, ते खरं नाही. जरा कुरबुर झाली होती, घरात होते तशी. तो दारात थांबला होता बूट घालून. मी फोडणीत मोहरी टाकत होते. तो थांबला, मग गेला.

लिनबाई म्हणाल्या, मग तू हाक मारू नकोस. तुझ्या हाकेला तो कुठल्या रागाने येईल सांगता येत नाही.

घरी आलो तर प्रांजलीच्या बुटांना चिखल आणि शेवाळ. कुठे गेली होतीस विचारलं. म्हणाली, रोजच जाते. शाळा सुटली की वळणावर पाच मिनिटं बसते आणि दादाला दिवसभराचं सांगते. मी तिच्या थोबाडीत मारली. आजपर्यंत बोट लावलं नव्हतं मी तिला.

शर्ट पाठव. पाया पडते.

शामला


११ सप्टेंबर

ताई,

काल भाऊजींच्या फोनवरून तुझं उत्तर आलं. दहा महिन्यांनी दोन ओळी. "पोलिसांच्या यादीत बूट, चष्मा आणि फोन आहे. पणती नाही. पडला की गेला, तेवढं सांग, मग शर्ट पाठवते."

पणती मातीची असते, ताई. पाण्यात बुडते. पोलीस काय पाणबुड्या लावून पणती शोधणार?

अन् मला आरोपीसारखं काय उभं करतेस? विचारतेसच आहेस तर ऐक. नोकरी गेली हे तुला सांगायची त्याची छाती का झाली नाही? कुणाच्या भीतीने? परमिटवरच्या माणसाची इथे नोकरी गेली की तीन महिने मिळतात, त्यात दुसरी शोधायची नाहीतर सामान बांधायचं. तीन महिने तो रोज सकाळी अंघोळ करून, शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसायचा, तू व्हिडिओ कॉल केलास तर ऑफिसात दिसावा म्हणून. तू सोसायटीत पेढे वाटले होतेस, माझा निहार तिकडेच घर घेतोय म्हणून. तो पेढ्यांचा फोटो त्याने मला दाखवला होता. म्हणाला, मावशी, आता कसं सांगू? त्याला पाण्याची भीती नव्हती, तुझी होती.

पडला. लिहून देते, पडला.

शामला


१६ सप्टेंबर

ताई,

आज प्रांजली पाण्यात गेली.

आहे. जिवंत आहे. वर झोपली आहे, प्रताप तिच्या पायाशी बसलाय. आधी हे लिहिलं पाहिजे होतं.

दुपारी साडेतीनला, लख्ख उजेडात. वळणापलीकडे एक डच आजोबा गळ टाकून बसलेले होते. ते म्हणाले, मुलगी सायकल लावून उतारावर बसली, कुणाशी तरी बोलत होती, मग उभी राहिली आणि चालत गेली. पाय घसरला नाही, चालत गेली, कमरेइतक्या पाण्यात आणि मग दिसेना. त्यांनी जाकिटाला धरून ओढली. सत्तरीचा माणूस, त्यांच्या हाताला लागलंय.

मी पोचले तेव्हा ती चांदीच्या कागदात गुंडाळून बसली होती. मी ओरडले नाही. विचारलं, का गेलीस गं? सगळं डचमध्ये सांगत होती, थंडी वाजतेय, दप्तर कुठाय, सगळं डचमध्ये. आणि मधेच मराठीत म्हणाली, "दादा म्हणाला, ये."

ताई, आता सगळं सांगते. मागच्या पत्रात रागाच्या भरात बोलले. खोटं नव्हतं, पण बोलायला नको होतं. शर्टासाठी नाही सांगत. तू शर्ट पाठवू नकोस हवं तर.

त्या दिवशी पणती नव्हती. दिवा सोडायचं त्याच्या मनातही नव्हतं. पाच दिवसांनी त्याची तीन महिन्यांची मुदत संपणार होती. दुपारी त्याने जेवण तसंच ठेवलं. मी म्हटलं, आज आईला फोन करून खरं सांग. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात. मी म्हटलं, तीन महिने तेच ऐकतेय, माझ्या सख्ख्या बहिणीशी मी किती खोटं बोलू, तुझ्यापायी माझ्या जिभेला किडे पडतील. तो हात जोडून उभा राहिला. तुला माझी जीभ माहीत आहे. एकदा सुटली की मलाही आवरत नाही. मी म्हटलं, अठ्ठावीस वर्षांचा घोडा मावशीच्या माळ्यावर लपून बसतो, शोभतं का. म्हटलं, तू असा आहेस हे आईला कळलं तर ती काय तोंड दाखवील लोकांना. हे मी म्हटलं. तू कधी म्हटलं नसतंस, हे मला आत्ता कळतं.

तो येतो म्हणाला, मी बोलले नाही, हे तुला सांगितलंच.

पण ते शेवटचं नव्हतं. पावणेसहाला त्याचा फोन आला. बाहेर अंधार पडला होता, थंडी होती. म्हणाला, "मावशी, येऊ का?" एवढंच. लहान मुलासारखं. मी म्हटलं, "आईला फोन केलास?" तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, "मग येऊ नकोस. तिला सांगितल्याशिवाय माझ्या दारात पाऊल टाकू नकोस." आणि फोन ठेवला. मला वाटलं, थंडी वाजली की करील फोन, मग येईल. चांगल्यासाठी म्हटलं असं मी दहा महिने स्वतःला सांगतेय. खरं सांगू, मला राग आला होता आणि त्याला जरा बाहेर गारठू द्यावं असं वाटलं होतं.

सायकल स्टँडवर लावून कुलूप घातलेलं होतं. बूट शेजारी शेजारी, मोजे घडी करून आत. चष्मा एका बुटात, फोन दुसऱ्यात. पाय घसरणारा माणूस चष्मा काढून ठेवत नाही, ताई. तू यादी वाचलीस, तुला कधीच कळलं असणार.

पोलिसांतर्फे एक तरुण मुलगी आली होती. तिलाही बुटांचं खटकलं. तिने अगदी हळू आवाजात विचारलं, त्याने बूट का काढले असतील? आणि ताई, माझ्या तोंडून पटापट निघत गेलं. म्हटलं, आमच्यात पाणी पवित्र असतं, चप्पल-बूट घालून जात नाहीत, देवळात जाण्यासारखंच. आज आमची पौर्णिमा आहे, आज पाण्यात दिवे सोडतात, तो पाण्याच्या पाया पडायला वाकला असणार, चष्मा पडू नये म्हणून काढला असणार. फोनवर त्रिपुरी पौर्णिमेचे फोटो काढून दाखवले. तिने मान हलवत सगळं लिहून घेतलं. म्हणाली, किती सुंदर प्रथा. फोनवरचा शेवटचा कॉल मला केलेला होता, त्याचंही सांगितलं, दिवा सोडून येतो म्हणाला म्हणून. माझं पाप मी देवधर्मात गुंडाळून दिलं आणि तिने ते विश्वासाने घेतलं.

तुझ्यासाठी केलं असंही वाटायचं. पोराने जीव दिला हे ऐकण्यापेक्षा घसरला हे ऐकणं बरं. पण दहाव्याला तुम्ही पिंडासमोर हात जोडून बसलात आणि एकेक बोललात, तुझी सायकल विकणार नाही, तुझ्या मित्रांचं करू, प्रांजलीला सांभाळू. सगळं बोललात. जे बोलायला हवं होतं ते कुणाला माहीतच नव्हतं. मी चार हातांवर उभी होते. मला माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही, आणि कावळा भिंतीवर बसून राहिला.

तो पडला नाही. गेला. मी येऊ दिलं नाही म्हणून गेला.

उद्या पोलिसांकडेही जाऊन हेच सांगणार आहे. ते काय करतील माहीत नाही, बहुतेक काहीच नाही.

अमावास्येला पाच दिवस आहेत. तुला जे योग्य वाटेल ते कर.

शामला


२४ सप्टेंबर

ती. भाऊजी यांस, शामलाचा नमस्कार.

हे पत्र तुम्हाला आहे. याची प्रिंट काढू नका, ताईला दाखवू नका.

रविवारी तुम्ही फोनवर जे सांगितलंत ते मी लगेच लिहून ठेवलं. नाहीतर पुढे मन म्हणेल, शामला, तू चुकीचं ऐकलंस. पुन्हा एकदा मांडते, चूक असेल तर कळवा, बरोबर असेल तर काही कळवू नका.

गुरुजी म्हणाले, वर्षाच्या आत पक्ष घालत नाहीत. ताईने ऐकलं नाही, नदीवर बसून पिंड ठेवायलाच लावला. कावळे भिंतीवर होते, खाली येईनात. ताई म्हणाली, निहार, तुझी नोकरी गेली त्याचं मला काही नाही. कावळा आला नाही. म्हणाली, तू आपणहून गेलास ते कळलं, मी रागावले नाही रे, माझंच चुकलं. तेव्हा एक कावळा खाली पायरीवर येऊन बसला आणि तिथेच थांबला. मग ताई म्हणाली, शामला मावशीला मी माफ केलं. हे ती म्हणाली, तुम्ही दोनदा सांगितलंत. आणि कावळा उडून परत भिंतीवर गेला.

तासभर गेला. मग ताई उठून ओरडली, नाही केलं माफ, मरेपर्यंत तिचं तोंड बघणार नाही, तिचा आवाज ऐकणार नाही. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा शिवला.

तुम्ही रडत होतात. म्हणालात, शामला, हे काकतालीय आहे गं, मनावर घेऊ नकोस, तुझ्या ताईचा राग दोन-चार वर्षांत ओसरेल, मी समजावतो तिला.

म्हणूनच हे पत्र लिहितेय.

तुमच्याकडे दुपारचे बारा वाजले असतील तेव्हा इथे सकाळचे साडेआठ. मी आणि लिनबाई वळणावर होतो. शर्ट आला नव्हता, मीही वाट बघत नव्हते. दार बंद व्हायचा दिवस म्हणून त्या उदबत्त्या लावून उभ्या होत्या. एकाएकी त्यांनी पाण्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, रिकामं आहे. नंतर तुमचा फोन आला. त्यांनी विचारलं, आईने हाक मारली का? मी म्हटलं, नाही, आईने शब्द दिला. त्या म्हणाल्या, मग बदली कोण? मला डच शब्द सुचेना, मी स्वतःकडे बोट दाखवलं. त्यांनी माझा हात धरून घरापर्यंत आणलं आणि दारातून मागे न बघता गेल्या.

घाबरू नका, मी पाण्यात जाणार नाही. मला मुलगी आहे. पोलिसांना सगळं सांगून आले. त्यांनी लिहून घेतलं आणि मला एका डॉक्टरांचा नंबर दिला, मी जाते आहे तिथे.

प्रांजली सोमवारी शाळेत गेली. मी लांबून मागे सायकल ठेवून होते. वळणावर ती थांबली, इकडेतिकडे बघितलं, आणि कुणी घरी नसल्यावर आपण निघतो तशी निघून गेली. घरी येऊन म्हणाली, दादा नाहीये. संध्याकाळभर रडली. मला तिच्यासमोर देवाचे आभार मानता येईनात, म्हणून न्हाणीघरात जाऊन मानले.

भाऊजी, मी ताईला पुन्हा लिहिणार नाही. तुम्हीही तिला समजावू नका. तुम्हाला काकतालीय म्हणायचं तर म्हणा, पण पिंडाला दिलेला शब्द आहे, आणि त्याने तोच मागून घेतला. तिचं मन आज ना उद्या विरघळणार, मी ओळखते तिला, फाडायच्या आधी ती वाचतेच. एखाद्या दिवाळीला म्हणेल, लाव गं शामलाला फोन. लावू देऊ नका. शब्द मोडला तर ते वळण रिकामं राहणार नाही. मी आजारी पडले, मेले, तरी तिला इकडे येऊ देऊ नका. रागावली तर रागावू द्या. माझ्याबद्दल वाईट बोलावं लागलं तर खुशाल बोला.

पूल एकच आहे, आणि प्रांजलीला अजून सहा वर्षं त्या काठाने शाळेत जायचंय.

शामला